एक कपाट, एक वही आणि हजार वर्षं

बदलापूर पश्चिमेला सोनिवलीत राहणाऱ्यांचा संग्रहालयाचा बेत बहुधा एकच असतो. सकाळची लोकल पकडायची, मुंबईत उतरायचं, काचेआडच्या तलवारी नि मूर्ती पाहायच्या आणि संध्याकाळी दमून परत यायचं. बेत झकास आहे, पोराबाळांना घेऊन जरूर करावा. पण संग्रहालयांचं आणखी एक घराणं आहे. तिथे कुलूप उघडतात निवृत्त गुरुजी, वस्तू पुसतात कॉलेजातली पोरं, आणि येणाऱ्याला शेजारचे काका हौसेने तासभर माहिती देतात. पगार कुणालाच नसतो. महाराष्ट्रातले कितीतरी नामांकित संग्रह अशाच पदरमोडीतून उभे राहिले आहेत.

इतिहास जपायला राजवाडा लागत नाही. वस्तू प्रेमाने उचलणारा एक माणूस लागतो आणि ती कुठून आली हे टिपून ठेवणारी एक वही लागते. पटत नसेल तर हे किस्से वाचा.

1. जगातलं जुनं संग्रहालय आणि त्यातली चिठ्ठी

1925 मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली आजच्या इराकमधल्या ऊर या प्राचीन नगरात खोदकाम करत होते. एका खोलीत त्यांना वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू एकाच फरशीवर सापडल्या. शेजारी मातीची एक लहानशी नळकांडी होती. तिच्यावर एका जुन्या विटेवरच्या मजकुराची नक्कल होती आणि ती वीट कुणाला, काय शोधताना मिळाली हेही कोरलं होतं. पाहणाऱ्यांना नवल वाटावं म्हणून ही नक्कल केली, असंही लिहिणाऱ्याने नमूद केलं होतं! राजकन्या एन्निगल्दी-नन्ना हिचा हा संग्रह सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. संग्रहालयाइतकीच त्याची चिठ्ठीही जुनी आहे.

2. चष्म्याच्या दुकानातून 20 हजार वस्तू

पुण्याच्या केळकर संग्रहालयामागे ना संस्थान होतं, ना सरकार. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचा घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. त्यांना वेड होतं घरगुती वस्तूंचं. दिवे, अडकित्ते, कुलपं, वज्री, फण्या, कोरीव दरवाजे असं काय काय त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलं, आणि पत्नी कमलाबाईंनी त्यात खांद्याला खांदा लावून साथ दिली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. 1975 मध्ये तो सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तिथे पाहायला मिळतात.

तिथले अडकित्ते निवांत बघा. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कुणाला घोड्याचा आकार, कुणाला पोपटाचा, कुणाला जोडप्याचा. रोजच्या वापरातल्या वस्तूवर कारागिराने जीव ओतला होता आणि ते ओळखणारी नजर एका चष्मेवाल्याकडे होती.

3. गोरोबांच्या गावातली परदेशवारी

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तेच ‘तगर’ या नावाने ग्रीक-रोमन जगाला ठाऊक असलेलं व्यापारी शहर होतं. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती निघत. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षं जमवल्या. आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय गावात उभं आहे.

त्यातली छोटीशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगप्रसिद्ध आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली असणार. एका गावकऱ्याने वस्तू जपल्या म्हणून मराठवाड्यातल्या गावाचा धागा रोमन साम्राज्याशी जोडता आला.

4. अंबरनाथची 200 वर्षांची चूक

आता घराजवळ येऊ. अंबरनाथचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या उत्तरेच्या दारावरच्या तुळईवर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि त्यातलं वर्ष लावलं शके 782. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी अक्षरं पुन्हा तपासली आणि ते शके 982, म्हणजे इसवी सन 1060 असल्याचं दाखवून दिलं. एका आकड्यामुळे देऊळ 200 वर्षांनी तरुण झालं! ते शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं ठरलं.

यातली मोठी गोष्ट पुढेच आहे. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर होते. भगवानलाल इंद्रजी जुनागढचे, स्वतःच्या हिकमतीवर लिप्या शिकलेले आणि भाऊ दाजींसाठीच काम केलेले. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचंच वाचन त्यांनी आदराने दुरुस्त केलं आणि त्यातून ज्ञान पुढे गेलं. इतिहासाच्या कामात पदवीपेक्षा लागते ती पुन्हा एकदा नीट बघायची तयारी.

5. देवळाचे साचे

1868 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी याच देवळात मुक्काम ठोकून होते. त्यांनी भिंतींवरच्या शिल्पांची रेखाटनं केली आणि प्लॅस्टरचे साचे काढले. दगड झिजतो, पण त्या काळी केलेली नोंद झिजत नाही. पुढच्या वेळी दर्शनाला गेलात की बाहेरच्या भिंतीवरची एक मूर्ती निवडा, मोबाइलवर नीट फोटो काढा आणि त्याखाली तारीख लिहा. 50 वर्षांनी कुणीतरी तुमचे आभार मानेल.

6. मिठाचा व्यापारी आणि पोथ्या

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ते उभं करणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे पुढे होते. शिक्षण विज्ञानाचं, व्यवसाय मिठागरांचा आणि ध्यास जुन्या मराठी पोथ्यांचा. त्या पोथ्यांच्या अभ्यासातूनच त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर त्याहून जुनं, 1864 चं. मध्य रेल्वेच्या आपल्या या पट्ट्याला लोकवर्गणीतून ज्ञान जपायची सवय दीडशे वर्षांहून जुनी आहे.

7. बदलापूरचा सखा

त्याच परंपरेतलं आपल्या गावचं नाव म्हणजे ‘ग्रंथसखा’. कलाशिक्षक श्याम जोशी यांनी बदलापुरात हे वाचनालय उभं केलं. पुस्तकांची संख्या लाखाच्या पुढे गेली आणि त्यात दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि बंद पडलेली नियतकालिकंही आली. महाराष्ट्रभरचे अभ्यासक बदलापूर स्टेशनात उतरतात ते या कपाटांसाठी. सोनिवलीकरांना तर रिक्षाने जाता येतं. जुन्या अंकातल्या जाहिराती तरी एकदा बघाच. कुठलं तेल, कुठला साबण, कुठलं औषध घराघरांत होतं हे इतिहासाच्या जाड ग्रंथांत मिळत नाही, ते तिथे मिळतं.

8. पेटारे उघडा हो!

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दारं ठोठावत आणि माळ्यावरचे पेटारे उघडायची गळ घालत. त्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही मालिका झाली. पहिला खंड निघाला 1898 मध्ये आणि एकूण खंड झाले 22. त्यांच्याच पुढाकाराने 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. एका माणसाच्या पायपिटीमागे दोन संस्था राहिल्या.

तुमच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे? पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत तिच्यात असू शकतं. रद्दीवाला येण्याआधी ती उघडा.

9. बराकींतलं शहर

उल्हासनगरातला पत्ता आजही ‘कॅम्प नंबर’ने का सांगतात? दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची नगर म्हणून पायाभरणी झाली आणि पाचही कॅम्पचे आकडे लोकांच्या तोंडी कायमचे बसले.

अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये 2017 साली फाळणीचं संग्रहालय उघडलं. लोकांनी आपल्या घरातल्या वस्तू आणून दिल्या, त्यातून ते सजलं. एक फुलकारी जाकीट आणि एक चामडी बॅग पाहायला लोक थबकतात. तशी पितळी भांडी, किल्ल्या, शाळेचे दाखले, कराचीतले फोटो उल्हासनगरच्या घरांमध्ये आजही असतील. ज्या आज्यांना त्यांची गोष्ट ठाऊक आहे, त्यांच्याशी बोलायचं काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

10. पुण्याला जाताना पालखी

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर–ठाणे गाडी धावली हे शाळेत पाठ केलेलं असतं. आपला भाग रुळांवर आला त्यानंतर तीन वर्षांनी. 1856 मध्ये कल्याणहून बदलापूरवरून खोपोलीपर्यंत मार्ग खुला झाला. 1858 मध्ये खंडाळा–पुणे मार्गही सुरू झाला, पण मधला बोरघाट बाकी होता. तो पूर्ण झाला 1863 मध्ये. तोवर मुंबईचा प्रवासी बदलापूर ओलांडून खोपोलीला उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायचा. आज डेक्कन क्वीन बदलापुरावरून सुसाट जाते तेव्हा हे जरूर आठवा.

11. काडेपेटीचं चित्र

विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. तिचा अंबरनाथचा कारखाना एकेकाळी या परिसराची ओळख होता. ‘शिप’ छाप काडेपेटी ठाऊक नसलेलं घर सापडणं अवघड होतं. काडेपेट्यांची चित्रं जमवणारे छांदिष्ट जगभर आहेत. स्थानिक संग्रहात अशा चित्राची किंमत मोठी, कारण त्यातून कामगारांच्या पाळ्या, भोंगे, चाळी नि संप यांच्या आठवणी निघतात. वस्तू दोन बोटांत मावणारी, आठवण अख्ख्या गावाची.

12. ज्या दगडावर धुणं धुतलं

ठाणे-रायगड पट्ट्यात शिलाहार काळातले दानाचे दगड सापडतात. वर चंद्र-सूर्य, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली जरब शिल्पात कोरलेली. लोक त्यांना गधेगाळ म्हणतात. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 चा लेख अभ्यासकांनी मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत धरला आहे. असे दगड कित्येक गावांत विहिरीच्या काठाला, पायरीला, धुण्याला वापरले गेले. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांवर, तर शिलाहार-यादवांच्या जहाजांची लढाई कोरली आहे. तुमच्या शिवारात आडव्या पडलेल्या दगडावर चंद्र-सूर्य दिसले, तर तो हलवू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. दगड जागेवर असतो तोवरच त्याची साक्ष पूर्ण असते.

13. 1927 चा शिवउत्सव

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च 1927 चा. त्याच वर्षी बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवलं आणि त्यांचे यजमान होते पालये शास्त्री. आज सोनिवलीत बाबासाहेबांचं स्मारक आहे. स्मारक पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला हा बदलापूरचा प्रसंग कळायला हवा, कारण देशाच्या इतिहासाचं एक पान इथल्याच मातीत लिहिलं गेलंय.

14. इतिहास फार जुना असावा लागत नाही

27 जुलै 2019. उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. एनडीआरएफ आणि नौदलाबरोबर आसपासचे गावकरीही मदतीला धावले होते. त्या दिवसाचे फोटो अजून लोकांच्या फोनमध्ये आहेत, पण फोन बदलला की जातील. 26 जुलै 2005 च्या पुराचे छापील फोटो तर आत्ताच पिवळे पडू लागलेत. पुराची रेघ कुठवर आली होती हे भिंतीवर खूण करून लिहून ठेवणं, हेही संग्रहालयाचंच काम आहे.

15. जपणुकीच्या खुब्या, अगदी फुकट

- तांब्या-पितळेची जुनी वस्तू चिंचेने घासून लख्ख करू नका. घासताना वरचा थर जातो आणि बारीक नक्षीही पुसट होते.
- जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पट्टीचा डिंक पिवळा डाग सोडतो आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही.
- फोटोमागे बॉलपेन चालवू नका. मऊ पेन्सिलीने कडेला नाव लिहा.
- कागद आणि कापड उन्हापासून दूर ठेवा. मोठ्या संग्रहालयांत त्यांच्यावर साधारण 50 लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात, तो याच कारणाने.
- आपल्याकडे पोथ्या कापडात घट्ट बांधून त्यात वेखंड ठेवायचे. धूळ बाहेर, कीड दूर. लाकडी नि कापडी वस्तूंमधली कीड मारायला संग्रहालयं आता वस्तू प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून उणे 20 अंशांत गोठवतात.

16. छोट्या संग्रहालयात गेल्यावर

घाई करू नका आणि तिथल्या काका-मावशींना तीन प्रश्न विचारा. “ही वस्तू कुणी दिली?” “सगळ्यात आधी कुठली आली?” “तुमची आवडती कुठली?” तिसऱ्या प्रश्नाला चेहरा खुलतो आणि पाटीवर न मावलेली गोष्ट ऐकायला मिळते. निघताना अभिप्रायवहीत ‘छान’ एवढंच लिहू नका, काय आवडलं ते लिहा. अनुदानासाठी, जागेसाठी अर्ज करताना ती वही त्यांच्या कामाला येते. आणि जमलं तर महिन्यातून दोन तास द्या. पुसणं, मोजणं, टाइप करणं, मोडी वाचणं, पोरांना फिरवणं अशी कामं कधीच संपत नाहीत.

सोनिवलीचं पहिलं कपाट

मग आपल्याकडे काय ठेवता येईल? भरपूर. पावसात डोक्यावर घ्यायचं बांबू-पानांचं इरलं. उल्हास नदीत टाकायचा पाग. भात साठवायची कणगी. शेर आणि पायली, जी 1956 चा मोजमापाचा कायदा आल्यावर हळूहळू बाजारातून गेली. 1 एप्रिल 1957 पासून चालू झालेले ‘नये पैसे’ आणि त्याआधीचे आणे. जांभळं विकायला न्यायची टोपली, कारण बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे. सोनिवली, एरंजाड, वालिवली, मांजर्ली, बेलवली इथल्या जुन्या लग्नपत्रिका. शाळेच्या पटावरचे वर्गफोटो. लग्नातली धवलगीतं आज्यांच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित केलेली.

सुरुवातीला इमारत नको. वाचनालयातलं किंवा शाळेतलं कुलपाचं एक कपाट आणि जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही पुरे. वहीला सहा रकाने आखा: क्रमांक, वस्तू, मोजमाप, कुणी दिली, कुठे नि कशी वापरली, नोंद करणाऱ्याची सही. क्रमांकाची रीत जगभर साधारण सारखीच आहे: आधी वर्ष, मग त्या वर्षातली कितवी देणगी, मग त्यातली कितवी वस्तू. इरल्याची नोंद कशी करायची ते पाहा. लांबी-रुंदी टेपने मोजा. कामट्या कशाच्या, पानं कुठल्या झाडाची ते विचारा. कुणी विणलं, कुठल्या शेतावर वापरलं, शेवटचं कधी घातलं ते लिहा. मग क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने कामटीला बांधा, डिंक लावू नका. अर्ध्या तासाचं काम, पण त्यानंतर ते इरलं अडगळ उरत नाही, ते पुरावा होतं.

दरवर्षी 18 मे हा जागतिक संग्रहालय दिन असतो, 1977 पासून. तो उन्हाळ्याच्या सुट्टीतच येतो, पोरं मोकळीच असतात. त्या दिवशी गावात एक टेबल मांडा, प्रत्येक घराने एक वस्तू आणि तिची गोष्ट आणायची. वस्तू संध्याकाळी घरी परत नेली तरी चालेल, फोटो आणि नोंद वहीत राहील. वही विकत आणणारा पहिला माणूस तुमच्यातलाच असू द्या.